यादीवरच्या खुणा

अल्टूना गावात डेल्बर्ट क्लिंगमनशी गोड बोलणारा माणूस शोधून सापडला नसता, आणि त्यात अल्टूनाचा काही दोष नव्हता. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो दर रविवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या चित्रकार्डांचं टेबल मांडी आणि गिऱ्हाइकांवर खेकसे. महासाथीत लोक घरी बसले, कार्डांचे भाव चौपट झाले. म्हातारा म्हणाला, अजून चढतील. पुढे ते निम्म्यावर आले, तर चूक गिऱ्हाइकांची!

त्याच्याकडच्या सत्तावन्न सालच्या कार्डांच्या पेटीला मात्र पडत्या बाजारातही मागणी होती. ती त्याने आणि धाकट्या बहिणीने, वर्नाने, लहानपणी च्युइंगगमच्या पुड्यांमधून निघणारी कार्डं जमवून मिळून भरली होती. त्या सालच्या सगळ्या कार्डांची नावं छापलेलं यादीचं कार्डही तिच्यात होतं. भाव चढल्यापासून वर्ना अर्धा वाटा मागत होती. एका रविवारी हलुश्कीची, म्हणजे कोबी घातलेल्या शेवयांची, बशी हातात घेऊनच ती टेबलापुढे ठाकली.

"यादीचं कार्ड काढ, डेल. तुझ्या कार्डांपुढे फुल्या आहेत, माझ्यांपुढे गोल."

"तू नुसता गम चघळायचीस. यादी कोरी आहे."

"दाखव मग!"

"तपासायला पाठवतोय. आली की तूच पाकीट फोड, सगळ्यांसमोर."

त्या काळी झाडून सगळी पोरं यादीच्या कार्डावर मिळालेल्या कार्डांपुढे खुणा करत, म्हणूनच कोऱ्या यादीला आता भल्याभल्या खेळाडूंहून जास्त भाव. डेल्बर्टला वाटलं, बहिणीचं तोंड बंद होईल आणि किंमतही वाढेल. इतकी वर्षं दुसऱ्यांची घासून कोरी भासवलेली कार्डं त्यांच्या तोंडावर फेकणारा हा माणूस खोडरबर घेऊन स्वयंपाकघरात बसला. मग त्याने ते कार्ड तपासणाऱ्या कंपनीला पाठवलं. ते लोक भिंगाखाली पाहतात, एक ते दहामधला आकडा देतात आणि कार्ड प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करतात.

सहा आठवड्यांनी त्याने पाकीट हॉलमध्ये आणलं, ऐट म्हणून पेटीही आणली. वर्नाने पाकीट फोडलं. आकडा नव्हताच. तिने चिठ्ठी मोठ्याने वाचली, "कार्ड अस्सल. फेरफार केलेलं. पेन्सिलच्या खुणा खोडल्या आहेत."

शेजारच्या टेबलांवरचे लोक वळून पाहू लागले. डेल्बर्टची मान शरमेने लाल झाली.

"निदान फुल्या तरी ठेवायच्यास," वर्ना म्हणाली. "त्या तुझ्या होत्या."

"ने तुझी अर्धी आणि तोंड काळं कर!" त्याने पेटी ढकलली.

वर्नाने खुर्ची ओढली आणि कार्डांचे दोन ढीग लावायला घेतले. साधीसुधी त्याच्याकडे जात होती. मग पेटीतलं सगळ्यात महागडं कार्ड आलं, एका नवख्या चेंडूफेक्याचं, त्याच्या पहिल्याच वर्षाचं. ते तिने शांतपणे आपल्या ढिगावर ठेवलं.

डेल्बर्ट ताडकन उठला. "ते माझं! त्याच्यापुढे फुली होती!"

वर्नाने प्लास्टिकमधली यादी त्याच्यापुढे सरकवली.

"दाखव," ती म्हणाली.