सुरूखालचे टेकोडे

आमच्या मोठ्या मामांइतक्या वेळा मरायला बसलेला आणि तरी धडधाकट उठलेला माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे मरण लढाईतलं नव्हे, भाजीतलं. अनसिंगच्या अलीकडे त्यांचं गाव. गावाबाहेर एक जुनं विश्रामगृह आहे आणि त्याच्या आवारात कुणा हौशी साहेबाने लावलेली सुरूची उंच झाडं. पावसाळ्यात तिथे, गळालेल्या काड्यांच्या थरातून टेकोडे वर येतात. टेकोडे म्हणजे तेच, जे शहरातले लोक मशरूम म्हणून डब्यातून विकत आणतात. गाव टेकोडे खायचं ते वारुळावरचे, बापजाद्यांनी पचवलेले. सुरूखालच्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणून लोक लांबूनच जायचे. मामा नेमके तेच आणत. "वारुळावरचे त कोनीबी वळखते," ते म्हणत. "अक्कल लागते ते हे वळखाले!"

ओळखण्याची त्यांची तऱ्हा बघण्यासारखी होती. टोपी काढून, गुडघे टेकून, डोळे मिटून ते आधी वास घेत. देवळातसुद्धा त्यांनी इतके मनापासून डोळे कधी मिटले नसतील. मग मुंगीची परीक्षा. टेकोड्यावर मुंगी चढली तर तो चांगला. नाही चढली तर मुंगीचं पोट भरलेलं आहे असं समजायचं. घरी आल्यावर मामीच्या पायातलं चांदीचं जोडवं मागून घ्यायचं आणि रटरटत्या पातेल्यात टाकायचं. एका वर्षी ते काळं पडलं. मामांनी ते उजेडात धरून निकाल दिला, "चांदी खोटी हाय. तुह्या बापानं फसवलं मले." मामी म्हणाली, "चांदी खरी हाय जी, जवाईच खोटा निंगाला." या सगळ्या परीक्षा बिनकामाच्या असतात, विषारी छत्र्याही त्यांत आरामात पास होतात, असं पुढे एका कृषी अधिकाऱ्यांनी मला सांगितलं. मी ते मामांच्या कानावर घातलं. "त्या साहेबानं खाल्ले हायत का कवा?" एवढंच त्यांनी विचारलं.

पण त्यांचं एक तत्त्व होतं, आणि ते मी कधीच हसण्यावारी नेलं नाही. ज्याने आणले त्याने आधी खायचे. ताट ओट्यावर यायचं, मामा एकटे जेवायला बसायचे आणि आम्ही सगळे दारात उभे. जेवण झालं की पान लावायचं. ते पान चघळून होईपर्यंत घरातल्या कुणीही पातेल्याला हात लावायचा नाही. तेवढ्यात निरवानिरव चालू. "मी गेलो त कोनी रडू नोका. सोयाबीनले फवारा मारून घ्या आंधी." एकदा त्यांना नुसती उचकी लागली तर दारात रडारड सुरू झाली होती! मामी मात्र या तमाशाला कधी बाहेर येत नसे. चुलीकडे तोंड करून बसून असायची. तिला बघवत नसेल, असं आम्ही समजायचो. पान थुंकून मामा हाक मारत, "जित्ता हाय मी, बसा जेवाले!" मग ती उठायची आणि वाढायची.

मामी गेली ती हिवाळ्यात, छातीत कळ येऊन. गेल्या पावसाळ्यात मी मुद्दाम गेलो. मामांनी टेकोडे आणले, सूनबाईने केले, ताट ओट्यावर आलं. मामांनी पहिला घास तोंडात घातला आणि हात तसाच थांबला. मी दारातून पुढे झालो.

"आळणी हाय," मामा म्हणाले. "पोरी, मीठ त पाह्याचं होतं."

सूनबाई दारात रडकुंडीला आली. "तुमच्या आंधी कोनी तोंडाले लावाचं नाई ना, बाबा. आई चाखत होत्या दरसाली, पन मले कवाच चाखू नाई देल्लं. म्हनत, तू लेकुरवाळी हायस, तू नोको. मीच पाह्यतो."

मामा ताटाकडे बघत राहिले. मला त्यांचा चेहरा बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मिठापुरतं चाखत असेल मामी."

"मीठ नाई, भाचेबुवा. दुसरी कोनतीच भाजी ती चाखत नव्हती. तिच्या बोटायले समजे मीठ." ताट बाजूला सारून ते पुन्हा बोलले, आणि तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "मी इथं छाती काढून बसत होतो. एखांद्या साली चुकलो असतो त ती आत चुलीपाशी मेली असती. माह्या आंधी."

त्या दिवशी पान लावलं गेलं नाही. पातेलं तसंच राहिलं.

यंदाही सुरूखाली टेकोडे आले. मामा म्हणाले, चला. तिथे त्यांनी टोपी काढली, गुडघे टेकले आणि डोळे मिटून वास घेतला. "खायाचे हायत," ते म्हणाले. मी पिशवी पुढे केली.

"राहू द्या, भाचेबुवा," मामा म्हणाले. "चाखनार कोन?"

त्यांना उठवत नव्हतं. मी हात दिला, आणि रिकामी पिशवी घेऊन आम्ही दोघे घरी आलो.