गुलाबपाण्यातली लवंग

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला पगारही त्याचाच मिळतो. वाळूजच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी अगरबत्तीसाठी येणारी सुगंधी तेलं तपासते. डब्यावर गुलाब लिहिलंय म्हणजे आत गुलाब नसणार, हे धरूनच मी झाकण उघडते. बहुतेक वेळा माझंच खरं ठरतं.

हाच स्वभाव घेऊन मी सासरी, वेरूळजवळच्या शेतावर जायची. तिथं कुंपणाला एक रानटी गुलाब आहे. कधीतरी लावलेल्या कलमाचा वरचा भाग वाळला आणि खालच्या रानटी खुंटानं डोकं वर काढलं. पाच पाकळ्यांची पांढरी फुलं, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. सासूबाई दर माघात त्यांचं गुलाबपाणी काढायच्या. पातेल्यात फुलं आणि पाणी, मधोमध वाटी, वर उलटं झाकण आणि झाकणावर गार पाणी. वाफ झाकणाला लागून वाटीत ठिबकायची. पहिली बाटली शिवरात्रीला वस्तीवरच्या महादेवाच्या अभिषेकासाठी. त्यात फुलांशिवाय काही पडू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम.

गेल्या वर्षी शिवरात्रीच्या आठ दिवस आधी मी ती बाटली हुंगली आणि सावध झाले. गुलाब होता, पण त्याच्या मागून काहीतरी तिखट, गरम येत होतं. लवंग! वास वाढावा म्हणून घातली असणार. मी गुपचूप मसाल्याचा डबा उघडला. लवंगा तळाला गेल्या होत्या. दुसऱ्या कुणाला आदल्या दिवशीचा मसालेभात आठवला असता. मला नाही आठवला.

थोडं पाणी आणि मूठभर फुलं मी कंपनीत नेली. आमचं यंत्र वासातली द्रव्यं सुटी करतं आणि प्रत्येकाचं एकेक टोक कागदावर उमटवतं. गुलाबाचा वास हे काही एकच द्रव्य नव्हे. जिरॅनिऑल असतं, सिट्रोनेलॉल असतं, आणि फिनाइल इथाइल अल्कोहोल, जे पाण्यात विरघळतं म्हणून गुलाबपाण्यात भरपूर उतरतं. ही सगळी हजर होती. पण शेजारी युजेनॉलही उभं होतं, लवंगेला लवंगेचा वास देणारं. खात्रीसाठी मी फुलंही तपासली. पाकळ्या नीट एकेक तोडल्या, मधला पिवळा कचरा टाकून दिला. पाकळ्यांत युजेनॉल औषधालाही सापडलं नाही. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी विषय काढला.

"म्या कशाला लवंग घालू?" सासूबाई म्हणाल्या. "देवाचं हाय ते."

"आई, मशीन खोटं बोलत नाही," मी म्हणाले. जाऊबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. दुपारपर्यंत ती गोष्ट देवळात पोचली. संध्याकाळी पुजाऱ्याचा निरोप आला, यंदा साधं पाणीच आणा. सासूबाईंनी बाटली उचलली, कुंपणापाशी गेल्या आणि झाडाच्या बुडाशी रिकामी केली. वीस-बावीस वर्षं त्यांच्याच हातचं पाणी देवाला जात होतं.

पुढच्या रविवारी मी त्या झाडापाशी उगाच रेंगाळत होते. एक मधमाशी फुलावर आली. पाकळ्यांकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ केसरांत जाऊन लोळायला लागली. हिला तिथं एवढं काय सापडलंय, म्हणून मी थोडे केसर चिमटीत चुरडले आणि हुंगले. लवंग. दुसऱ्या दिवशी नुसते केसर यंत्रात घातले. युजेनॉलचं टोक सरळ वर. या गुलाबात पाकळ्यांचा वास वेगळा आणि केसरांचा वेगळा होता. बागेतल्या भरगच्च गुलाबांत बऱ्याचशा केसरांच्या पाकळ्याच झालेल्या असतात, म्हणून माझ्या शिकलेल्या नाकाला हे कधी भेटलंच नव्हतं. सासूबाई अख्खं फूल पातेल्यात टाकायच्या. कचरा म्हणून फेकलं ते मी.

मी कागद घेऊन गेले, सगळं सांगितलं, हात जोडले. जाऊबाईंना सांगितलं, पुजाऱ्यालाही सांगून आले. तो 'बरं बरं' म्हणाला, आणि त्याचा विश्वास बसलेला नाही हे मला स्वच्छ कळलं. संशयी माणूस मी लांबून ओळखते.

सासूबाईंनी कागदाकडं पाहिलं नाही. "म्या सांगितलं तवा पटलं नाय व्हय," एवढंच म्हणाल्या.

यंदा झाड खूप फुललं. शिवरात्र चार दिवसांवर आली तरी पातेलं फळीवरच. शेवटी मी विचारलं, "आई, पाणी कधी काढायचं?"

"तूच काढ," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुझ्या हातच्याला कुणी काय म्हणणार नाय."

मी फुलं आणून पातेलं चुलीवर ठेवलं. पहिला वास सुटला, तशा त्या उठून बाहेर गेल्या.