शेवटचा हात

बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर गजभियेजी आधी नुसते बसून राहत. दाराबाहेर चपला काढायच्या, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचा, खुर्ची ओढायची आणि बसायचं. पेचकस खिशातच. हा माणूस दुरुस्तीला आलाय की सांत्वनाला, असा पाहणाऱ्याला प्रश्न पडे. चहा संपला की ते थकल्या आवाजात विचारत, "शेवटचा हात कोणाचा लागला याले?"

यावर सगळीकडे एकच उत्तर ठरलेलं होतं. कोणाचाच नाही, आपोआप बंद पडला.

ऐंशीनंतरची ती वर्षं. सीताबर्डीला आमचं छोटं ऑफिस होतं. कॉलेजांचे निकाल, कारखान्यांच्या याद्या असली कामं आम्ही कॉम्प्युटरवर करून देत असू. यंत्रं दोन, मी ऑपरेटर, आणि यंत्रांची देखभाल गजभियेजींकडे. तरुणपणी त्यांनी रेडिओ दुरुस्त केले होते. कॉम्प्युटर शिकले ते पन्नाशीत, पुस्तक पुढ्यात ठेवून. आजूबाजूच्या गावांतल्या गिऱ्हाइकांकडेही तेच जात.

एकदा त्यांच्यासोबत मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात गेले होते. मॅनेजरच्या भाच्याने यंत्र उघडून आतली एक पट्टी उलटी लावली होती, आणि सगळं ऑफिस शपथेवर सांगत होतं की कोणी बोटसुद्धा लावलं नाही. एका म्हाताऱ्या कारकुनाने तर देवाची करणी म्हणून टाकलं. गजभियेजींच्या घराने छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हापासून तेही कारण त्यांच्याकडे चालत नसे. पट्टी सरळ करून ते एवढंच म्हणाले, "आपोआप तं काटोलात संत्रंबी गळत नाही बाप्पा. त्यालेबी कारण असते." परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ते डोळे मिटून बसले. यंत्राचा मले थकवा येत नाही वं, माणसं लपवतात त्याचा येते, असं म्हणाले. मी मान डोलावली. दुसऱ्याच्या चुकीवर मान डोलवायला काय जातं!

मग ती पाळी माझ्यावर आली.

दोन नंबरचं यंत्र अधूनमधून मेमरीची चूक दाखवत होतं. दोष मेमरीच्या चिपमध्ये आहे की यंत्रात, हे पाहावं म्हणून मी एका दुपारी ऑफिसात कोणी नसताना दोन्ही यंत्रं उघडली आणि त्यांची एकेक चिप आपसांत बदलली. काही कळलं नाही. मग भीती वाटली. घाईघाईत चिपा जागच्या जागी बसवल्या, झाकणं लावली, आणि एक नंबरचं बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा मात्र काळा तो काळाच. एका कॉलेजचा अख्खा निकाल त्या यंत्रात होता. मी नोकरीत कच्ची होते, घरी कमावणारी एकटी होते. आमचे साहेब आधीच पोरींनी पेचकस हातात धरण्याच्या विरोधात.

गजभियेजी आले, बसले, चहा प्याले आणि त्यांनी मला विचारलं, "शेवटचा हात कोणाचा वं?"

"कोणाचाच नाही," मी म्हणाले. "आपोआप बंद पडला."

त्यांनी माझा शब्द खरा धरला, हीच सगळी आफत झाली. कोणी उघडलंच नाही म्हटल्यावर चिपांकडे पाहायचं कारण नव्हतं. ते एका वेळी एकच वस्तू बदलत, यंत्र चालू करून पाहत, जुनी वस्तू परत लावत आणि मग पुढची घेत. वीजपुरवठ्याचा डबा झाला, पडद्याचं कार्ड झालं, वायरी झाल्या. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यांची मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख होती. चार महिने वाट पाहून मिळालेली. निकाल अडकलाय म्हणून साहेबांनी विनवलं, आणि दवाखाना काही पळून जात नाही म्हणत हे तिसऱ्या दिवशीही येऊन बसले. मी त्यांना चहा नेऊन दिला. तोंड उघडायला तेव्हाही वेळ होता.

दुपारनंतर त्यांनी चिपा काढायला घेतल्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून प्रत्येक चिपच्या तारेसारख्या बारीक पायांवरून ते नख फिरवत. पहिल्या रांगेतल्या एका चिपवर नख थांबलं. एक पाय खाचेत न जाता पोटाखाली मुडपला गेला होता. वरून पाहिलं तर शहाण्यालाही कळलं नसतं. त्यांनी तो चिमट्याने सरळ केला, चिप दाबून बसवली, यंत्र चालू केलं. पडद्यावर अक्षरं आली. गजभियेजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. न उघडलेल्या यंत्रात चिपचा पाय काही आपण होऊन मुडपत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

तक्रारींच्या वहीत बिघाडाचं कारण लिहावं लागे, आणि साहेब ती वही रोज वाचत. गजभियेजी गेल्यावर मी ती उघडली. त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता. आपोआप. जन्मभर ज्या शब्दाचा त्यांना तिटकारा होता, तो त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने लिहिला होता.

पुढची तारीख पावसाळ्यानंतर मिळाली. तोवर मोतीबिंदू पिकून गेला होता. उजव्या डोळ्याची नजर काही परत आली नाही, डाव्यानेही अंधुकच दिसे. त्या हुकलेल्या तारखेमुळे की आणखी कशामुळे, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. त्यांनी नोकरी सोडली. मी पक्की झाले.

चार वर्षांनी मी नंदनवनात त्यांच्या घरी गेले. आवाजावरून ओळखलं त्यांनी. सुनेने चहा आणला. मी म्हणाले, "गजभियेजी, त्या यंत्राला शेवटचा हात माझा होता."

त्यांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "मालूम होतं मले. पण एक गोष्ट राहून गेली. चिप काढली काहून होती?"

मी सांगितलं. दोष चिपबरोबर दुसऱ्या यंत्रात जातो का ते पाहायचं होतं. त्यांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा झाला.

"मंग बरोबर केलं होतं वं पोरी," ते म्हणाले. "मीबी तसंच केलं असतं. तवाच सांगतलं असतं, तं शाबासकी देली असती तुले."