धबधब्याचे चार फोटो

कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं तर फोटो पुसू नका. दुसरं कार्ड घ्या. दुसरं नसेल तर कॅमेरा बंद करून पिशवीत टाका, समोर जे काय असेल ते डोळ्यांनी बघा आणि घरी या. मी काही शिकवणारा माणूस नाही. चौथीपर्यंत शाळा, पुढं सगळा जन्म टायरचं पंक्चर काढण्यात गेला. पण ज्यांना हा नाद लागलाय त्यांनी माझ्यासारखं करू नये, म्हणून लिहितो. बायको जाऊन दोन वर्षं होत आली. तिचा एकही फोटो माझ्याकडं नाही. होते. तीस होते. मी पुसले.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं दुकान. पुढं टायर, मागं दोन खोल्या, वर पत्रा. लेक पुण्यात दिलेली. जावयानं नवा कॅमेरा घेतला आणि आपला जुना मला आणून दिला. म्हणाला, "मामा, याला रीळ लागत नाही. कितीबी काढा." जावई चांगला आहे, पण ते 'कितीबी' खोटं होतं. आत नखाएवढं कार्ड असतं, त्यात मावतील तेवढेच. बारक्या साईजला ठेवला तर नव्वदेक, मोठ्या साईजला बारा.

मला नाद लागला तो ट्रकांचा. टायर खोलून ठेवला की ड्रायव्हर चहा प्यायला जायचा, मी ट्रकसमोर उभा राहायचो. एकेका ट्रकचं तोंड निराळं असतं. कोणाला शिंगं रंगवलेली, कोणाला डोळे, कोणाच्या कपाळावर लिंबू-मिरची आणि काळी वेणी. पंजाबचे, तामिळनाडूचे, कुठले कुठले. बायको आतून ओरडायची, "अवो, त्या ट्रकाची दृष्ट काढायलाव का टायर काढायलाव?"

सुरुवातीला साधे पेन्सिल सेल घालायचो. वीस फोटो झाले की कॅमेरा डोळे मिटायचा. मग कळलं की चार्जिंगचे सेल वेगळे मिळतात, चार घेऊन ठेवावेत, दोन आत आणि दोन चार्जरला. काचेला कधीच सदरा लावू नये. माझ्या सदऱ्याला ग्रीस, काचेवर जे ओरखडे पडले ते पडलेच. बायकोनं तिच्या जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा फाडून दिला, तो धुऊन वाळवून डबीत ठेवायचा आणि त्यानंच पुसायचं. झूमचं बटण एका हद्दीपर्यंत खरं असतं, पुढं नुसता फोटो ताणला जातो, जास्त हवा भरलेल्या ट्यूबसारखा. त्यापेक्षा चार पावलं पुढं चालावं. हे सगळं मी आपलं आपण शिकलो आणि लई शहाणा झालो असं मला वाटायचं.

तिचे तीस फोटो मी शिकायच्या दिवसांतच काढले. दुसरं कोण उभं राहणार? चुलीपुढं, शेळीला पाला घालताना, दारात तांदूळ निवडताना. ती पदर ओढून घ्यायची. "सरका तिकडं, म्हातारीचं काय काढताव? ट्रक काढा, ट्रक." पण सरकायची नाही. काढून झाला की पदराला हात पुसत यायची आणि मागच्या बारक्या पडद्यात वाकून बघायची. "मी अशी दिसती का हो?" विचारायची. मी म्हणायचो, "अशीच दिसतीस, कॅमेरा खोटं बोलत न्हाई." एकदा तिनं कॅमेरा हातात घेतला तर मी खेकसलो, "हात लावू नको, बिघडंल." तिनं गुमान ठेवून दिला.

ते फोटो कागदावर काढून घ्यायचे राहिले. ट्रकचे काढले. एका ड्रायव्हरला त्याच्या गाडीचा पाहिजे होता, म्हणून कार्ड घेऊन घाट उतरून बीडला गेलतो आणि स्टुडिओतून तीन प्रती आणल्या. बायकोचे पुढच्या खेपेला काढू म्हणलं.

श्रावणात आम्ही दोघं कपिलधारला गेलो. त्या वर्षी पाऊस बरा होता, धबधबा नुसता कोसळत होता. दर्शन झालं, मी कॅमेरा काढला. कार्ड भरलेलं. मोठ्या साईजचा एकसुद्धा बसेना, आणि एवढं पाणी बारक्या साईजला काढायचं माझ्या जिवावर आलं. एकेक फोटो पुढं सरकवत उभा राहिलो. ट्रक, ट्रक, ती, ट्रक, ती.

"काय झालं?" तिनं विचारलं. तिच्या हातात छत्री आणि प्रसादाची पिशवी.

"जागा न्हाई. काहीतरी पुसावं लागंल."

"मग माझे पुसा की."

"कावून?"

"ट्रक गेला तो गेला, तो काय परत येतोय का फोटोला? मी घरीच हाय. कवाबी काढा."

मला ते बरोबर वाटलं. खरं सांगतो, क्षणभरही विचार केला नाही. तिच्यासमोर तिचे तीस फोटो पुसले, एकेक. प्रत्येक वेळी कॅमेरा पडद्यावर काहीतरी इंग्रजीत विचारायचा आणि मी बटण दाबायचो. ती छत्री माझ्या डोक्यावर धरून उभी होती, कॅमेरा भिजू नये म्हणून. मग धबधब्याचे काढले. मोठ्या साईजला चारच बसले. ती मध्ये आली तर म्हणालो, "बाजूला सरक, पाण्याच्या आड येतीस." ती सरकली.

त्या चार फोटोंत पांढरा पट्टा आहे आणि दगड आहेत. बाकी काही नाही.

संक्रांतीच्या आधी ती गेली. सकाळी चहा ठेवला, छातीत कळ आली म्हणाली, भिंतीला टेकून बसली. एका जीपवाल्याला थांबवून बीडला निघालो. घाटातच तिची मान माझ्या खांद्यावर पडली. दवाखान्यात डॉक्टरनं हात लावला आणि मान हलवली. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

दहाव्याला तिची भावजय म्हणाली, "दाजी, फोटो द्या की, हार घालायचाय." मी ट्रंक उपसली. आमच्या लग्नात फोटोवाला नव्हता. लेकीच्या लग्नातल्या एका फोटोत ती आहे, पण पदर नाकापर्यंत आणि पुढं कोणाचा तरी फेटा. मतदान कार्डावर होता, तोसुद्धा करपलेल्या भाकरीसारखा. नाक कुठं, डोळा कुठं, कळत नाही. भावजय रडत म्हणाली, "आवो, चोवीस तास कॅमेरा गळ्यात आसायचा तुमच्या!" सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी कॅमेरा काढून दाखवला. साठ ट्रक, चार धबधबे. शेवटी नुसत्या पाटाला हार घातला.

दुसऱ्या दिवशी कार्ड डबीत घालून बीडला गेलो. तो स्टुडिओवाला जुना माणूस, आधी रीळ धुवायचा, आता कॉम्प्युटर घेऊन बसलेला. मला चाचा म्हणतो. त्यानं आधी मतदान कार्ड कॉम्प्युटरवर घेऊन मोठं केलं. जसजसं मोठं केलं तसतसे नुसते चौकोन झाले. "चाचा, जे कार्डावर न्हाईच ते मी कुठून आणू?" म्हणाला. मग कॅमेऱ्याचं कार्ड हातात घेतलं आणि म्हणाला, "पुसलेला फोटो लगेच जात न्हाई. फक्त त्याची जागा मोकळी म्हणून लिहिली जाते. फोटो आतच आसतो. काढायचं सॉफ्टवेअर येतं."

मी त्याचा हात धरला. "मग हाय म्हण की ती!"

"थांबा. पुसल्यावर नवीन काढले का?"

"काढले. धबधब्याचे चार."

त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "मोठ्या साईजचे?"

मी हो म्हणालो. त्यानं सांगितलं की नवीन फोटो त्याच मोकळ्या जागेवर बसतो आणि जुना कायमचा जातो. पुसल्या पुसल्या कार्ड बाहेर काढून ठेवलं असतं तर तीसच्या तीस मिळाले असते. हे मला कपिलधारला कोणी सांगितलं असतं तर! तुम्हांला मी सांगतोय. चुकून पुसलं तर त्या कार्डावर पुढं एकही फोटो काढू नका.

तरी त्यानं सॉफ्टवेअर लावलं. एक रेघ हळूहळू पुढं सरकत होती आणि मी स्टुलावर बसून तिच्याकडं बघत होतो. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कुठं येतो ते बघतात, तसा. एका फोटोचं नाव आलं, उघडलं नाही. दुसरं आलं, नुसता करडा रंग. शेवटी एक उघडला. वर आमच्या दाराची चौकट, खाली पदराची कड, तिचा भांग, कपाळ, कुंकू. भुवया सुरू झाल्या आणि तिथून खाली सगळं करडं. कोणी पाटीवर बोळा फिरवावा तसं.

"खाली घे," मी म्हणालो.

"चाचा, खाली न्हाई."

"आरं घे की खाली! डोळे तिथंच आसतील!"

तो खुर्ची सोडून उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मी एकटा त्या कपाळासमोर बसलो.

मी त्याचा पिच्छा सोडला नाही. आठवड्यातून दोनदा दुकान बंद करून घाट उतरायचो. दुसरं सॉफ्टवेअर लाव म्हणायचो, तिसरं लाव म्हणायचो. त्यानं लावलीसुद्धा, बिचाऱ्यानं. दर वेळी तेच कपाळ यायचं, तिथंच थांबायचं. एकदा वैतागून म्हणाला, "चाचा, चाची कॉम्प्युटरात न्हाई. घरी जा." मी त्याला शिवी दिली. परत दोन दिवसांनी गेलो. शेवटी म्हणाला, कार्ड माझ्याकडंच ठेवा, पुण्याच्या कोणाला तरी विचारतो. मला घालवायला म्हणाला असेल. मी ठेवून आलो.

वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं. पाटाला परत हार घालायचा का, या विचारानं मला अन्न जात नव्हतं. एक दिवस दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, सवयीनं कॅमेरा घेतला आणि चालू केला. आत कार्ड नाही हे मला ठाऊक होतं. फोटो बघायचं बटण उगीच दाबलं आणि पडद्यावर फोटो आला.

कार्ड नसताना काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या पोटात राहतो, थोडी जागा तिथंही असते, हे मला माहीत नव्हतं. मी आजवर स्टुडिओत नुसतं कार्ड नेत होतो. कॅमेरा नेला असता तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. तीन फोटो होते. एक सगळा काळा-तांबडा. एक वरच्या पत्र्याचा. आणि तिसऱ्यात मी. पाठमोरा, उकिडवा बसून लोखंडी टामीनं टायर उचकटतोय, बनियनला मागं भोक. उजवीकडं वरपासून खालपर्यंत तांबूस ढग, फोटोचा एक-तृतीयांश झाकलेला.

ते तिचं बोट. काचेवर आलेलं.

मी कार्ड घेऊन ट्रकच्या प्रती आणायला गेलतो, तेव्हा कॅमेरा घरीच होता. मी परत आलो आणि कार्ड खिशातच ठेवून टायरला बसलो, तेव्हा तिनं चोरून काढला असणार. बिघडंल म्हणून मी खेकसलो होतो, म्हणून मागून, आवाज न करता.

तसाच उठून बीडला गेलो. स्टुडिओवाल्यानं वायर लावून तिन्ही फोटो कॉम्प्युटरवर घेतले. मी म्हणालो, दोन सीड्या कर आणि दोन्ही शेजारच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडून दाखव, मगच मी इथून हलंन. त्यानं दाखवल्या. मग तिसरा फोटो मोठा करून तो खूश झाला. खरंच खूश झाला, मला काहीतरी देता येतंय म्हणून.

"चाचा, झकास आलाय की तुमचा! हे बोट तेवढं कापून टाकतो, मग बघा."

"बोटाला हात लावू नको बे," मी ओरडलो. "मला काप."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. माऊस धरून मला कापलं. आधी टायर गेला, मग पाठ, मग खांदा. उरलेला ढग त्यानं फ्रेमच्या साईजला छापून दिला. कपाळाचा तुकडाही छापून दिला, करडा भाग कापून.

वर्षश्राद्धाला भिंतीवर दोन्ही लावले, वर कपाळ, खाली बोट. भावजयीनं लांबून बघितलं, जवळ जाऊन बघितलं, आणि विचारलं, "दाजी, ह्यात ती कुठंय?"

मी दोन्हींना हार घातला. लेक म्हणते, आठवणीत आहे ना आई. माझ्या आठवणीत असती तर मी एवढा कशाला फिरलो असतो? रोज सकाळी मी डोळे मिटून तिचं तोंड जुळवायला बसतो. भांग येतो, कुंकू येतं, भुवया येतात आणि तिथंच करडं होतं. तिचं कपाळ आणि बोट तेवढं माझ्याजवळ आहे. मधली बाई नाही.