उज्वलाच्या वाढत्या पेशी

मखमलाबादच्या सिंधुबाईंना लिहिता-वाचता फारसं येत नसे, पण ‘पांढऱ्या पेशी’ हे शब्द त्यांच्या काळजात रुतून बसले होते. शहाण्णव साली त्यांचे यजमान वाल्मीक रक्ताच्या कॅन्सरने गेले. दर तपासणीला पेशी वाढत गेल्या आणि माणूस वाळत गेला. पुढे फुलशेती सांभाळत सिंधुबाईंनी एकटीने लेकीला, उज्वलाला, कॉलेजपर्यंत पोचवलं.

दोन हजार पाच साली, दसऱ्याच्या तोंडावर झेंडूची तोडणी चालू असताना उज्वला तापाने फणफणली. अंग ठेचल्यासारखं दुखत होतं, डोळ्यांमागे ठणका. पंचवटीतल्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर डेंग्यू.

“पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, मावशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चार हजारांच्या वर हव्यात, हिच्या दोन हजारही नाहीत. अ‍ॅडमिट करू.”

सिंधुबाईंनी लेकीला जवळ ओढलं. पण ‘कमी’ या शब्दाचा त्यांना, का कोण जाणे, थोडा आधारही वाटला. वाल्मीकच्या तर वाढल्या होत्या.

ताप उतरला, तशी उज्वला जास्तच गळून गेली. पाणी पोटात ठरेना. दीर पुंजाराम विचारायला आला, “वहिनी, फुलं तोडून बाजारात नेऊ का?” त्यांनी मान हलवली आणि उज्वलाच्या ओठांना पाण्याचा चमचा लावला.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाई हसतच आल्या. “वाढायला लागल्या, मावशी!”

सिंधुबाईंना वाल्मीकचे तपासणीचे कागद आठवले. दुसऱ्या दिवशी पेशी आणखी वाढल्या, काही तर भिंगाखाली नेहमीपेक्षा मोठ्या दिसल्याचं कळलं. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा हात घट्ट धरला. “बाई, थांबवा त्या. हिच्या बापाच्या अशाच वाढल्या व्हत्या.”

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. “त्यांच्या पेशी बिघडलेल्या होत्या, म्हणून वाढतच गेल्या. पेशी हाडांच्या आत तयार होतात. डेंग्यूने ते काम मंदावलं होतं, ते आता परत सुरू झालंय. मोठ्या दिसतात त्या आजाराशी झुंजणाऱ्या. गरजेपुरत्या झाल्या की थांबतील.”

“नाय थांबल्या तर?”

“पुन्हा तपासू.”

घरी आल्यावरची तपासणी चांगली आली. तरी आठवडाभरातच सिंधुबाई पुन्हा रक्त द्यायला चल म्हणाल्या, तेव्हा उज्वला भडकली. “आई, मी बाबा नाहीये!”

सिंधुबाई भिंतीला टेकल्या. इतक्या वर्षांत कधी न काढलेला विषय त्यांनी काढला. पेशी वाढल्याचं पहिल्यांदा कळलं, तेव्हा ताकद वाढली असं समजून त्या पेढे घेऊन घरी आल्या होत्या. वाल्मीकनेही हसत एक खाल्ला होता.

 उज्वलाने उठून चपला घातल्या. “चल. पण ही शेवटची.”

पेशी होत्या तेवढ्याच होत्या, वाढल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे सिंधुबाई खुर्चीतून उठल्या. उज्वला दिवाळीनंतर कॉलेजात जाऊ लागली. पण ती जरा उशिरा उठली, तरी सिंधुबाईंचा हात आधी तिच्या कपाळावर जायचा.