शांताक्काच्या पट्ट्यावरचे पाहुणे

मी कोल्हापुरात कचरा प्रकल्पावर सुपरवायझर आहे, असं सांगितलं की समोरचा आधी थोडा मागं सरकतो. मग जेवणाच्या पंगतीत तोच शेजारी येऊन बसतो आणि म्हणतो, "सांगा की एखादा किस्सा." किस्से गोळा करायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. प्लांट बघायला सतत कुणीतरी येतं, मी त्यांना फिरवतो आणि शेवटी सगळे शांताक्कासमोर जाऊन उभे राहतात. पुढचं ती बघते.

शांताक्का म्हणजे आमच्या पट्ट्यावरची मुकादम. पट्ट्यावरून कचरा सरकत येतो आणि दोन्ही बाजूंच्या बायका त्यातलं प्लास्टिक, काच, पत्रा वेगळा काढतात. मशीन चालू असतानाही शांताक्काचा आवाज गेटपर्यंत जातो.

*

एकदा एक महिला मंडळ आलं. वासाच्या भीतीनं सगळ्या घरूनच सेंट मारून आलेल्या. अध्यक्षीणबाईंनी रुमालाआडून विचारलं, "तुम्हाला इथं वास येत नाही का हो?"

"येतो की," शांताक्का म्हणाली. "आज जरा जास्तच येतोय. तुम्ही गेलासा की कमी हुईल."

*

मग एक समिती आली, प्लास्टिकमुक्तीवर बोलायला. साहेबांनी अर्धा तास भाषण केलं, मध्ये चार वेळा घसा ओला केला. निघताना पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या तिथंच खुर्च्यांखाली राहिल्या, अर्ध्या भरलेल्या.

शांताक्का त्यांच्यामागं गाडीपर्यंत गेली. "साहेब, आमचं काम बंद पडू नये म्हणून ठेवलासा व्हय?"

साहेबांनी बाटल्या उचलल्या. पुढच्या वळणावर त्या परत गाडीतून बाहेर पडल्या, ते आम्ही सगळ्यांनी गेटवरून बघितलं.

*

आमच्या भागात एक भावी नगरसेवक आहेत. माझ्या लग्नाच्या आधीपासून भावीच आहेत. ते कार्यकर्ते घेऊन व्हिडिओ काढायला आले. पट्ट्याशेजारी उभं राहून म्हणाले, "आमच्या वॉर्डातला कचरा शंभर टक्के वेगळा होऊनच येतो."

तेवढ्यात पट्ट्यावरून त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला. गॉगल, सोन्याची चेन, जोडलेले हात, सगळं जागेवर. फक्त त्यात कुणीतरी मटणाची हाडं गुंडाळली होती.

शांताक्कानं पट्टा थांबवला. "दादा, तुम्हाला ओल्यात टाकू का सुक्यात?"

दादा कार्यकर्त्याला म्हणाले, "तेवढं कट कर." त्यानं फक्त शांताक्काचा आवाज कट केला, फ्लेक्स तसाच राहिला. आठवडाभर सगळ्या वॉर्डाच्या स्टेटसला तेच.

*

आणि गगनबावड्याचे आण्णा. नातवाच्या जावळासाठी कोल्हापुरात लेकाकडं आलेले. रात्री कवळी कागदात गुंडाळून बेसिनवर ठेवली. सकाळी सुनेनं तो कागद कचऱ्यात टाकला आणि कचरा टिपर गाडीतून आमच्याकडं आला. मागोमाग मोटरसायकलवरून आण्णा आणि त्यांचा लेक.

"नवीन घेऊ की आण्णा," लेक म्हणत होता.

"कवा? आज दुपारी बकरं शिजतंय. माझ्या नातवाचं जावळ, आनि मी रश्शात भात कुस्करून खात बसू?" आण्णांचे डोळे भरलेले. गाल पार आत गेलेले. मला हसूही येत होतं आणि बघवतही नव्हतं.

शांताक्का म्हणाली, "रडू नगासा. मी बघतो." त्यांच्या भागाचा टिपर कुठं रिकामा झाला ते मी दाखवलं. ती बायकांना घेऊन त्या ढिगात घुसली. लेक बाजूला उभा राहून बायकोला फोनवर बोलत होता, तो फोन शांताक्कानं खिशात घालायला लावला आणि त्यालाही हातमोजे दिले.

दुपार व्हायला आली तेव्हा ढिगाच्या पलीकडून हाक आली, "गावली."

शांताक्कानं कवळी साबणानं घासली, डेटॉलच्या पाण्यात बुडवली, परत धुतली आणि आण्णांच्या हातावर ठेवली. आण्णांनी ती तोंडात बसवली. जबडा डावीकडं फिरवला, उजवीकडं फिरवला, कटकट दोनदा वाजवून बघितली.

"ही माझी न्हाय," आण्णा म्हणाले.

शांताक्का परत ढिगाकडं वळली.

"ऱ्हाऊ दे बाई," आण्णा मोटरसायकलवर बसत म्हणाले. "ही लई बेस बसलीया."