दुखण्याची गोळी औषध नसते, असं आम्ही समजत होतो

"हा दुसरा हार्ट अटॅक आहे, माताजी. ॲस्पिरिन बंद केली होती का?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "एक दिवस चुकली नाही." त्यांना पटलं नाही, ते तोंडावरच दिसत होतं.

पहिल्या अटॅकनंतर ॲस्पिरिन सुरू झाली. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. गोळ्या आमचे हे द्यायचे. मिल बंद पडल्यापासून यांना सकाळी जायला जागा उरली नव्हती, म्हणून माझ्या गोळ्यांची ड्युटी यांनी घेतली. सकाळी सातला, पहिल्या पाळीच्या वेळेला, गोळी हातावर. चुकायची सोयच नव्हती.

ईसीजी झाला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "काही जणांना ही कमी लागू पडते. शुगरमुळे, गोळ्या चुकवल्यामुळे, कधी दुसरं औषध आड येतं. आप और कुछ लेती हैं?"

"नाही," मी म्हटलं. तेही खरंच वाटत होतं मला.

दवाखान्यात चौथ्या दिवशी डॉक्टर राउंडवर असताना हे चहाचा थर्मास घेऊन आले आणि खिशातून पुडी काढली. डॉक्टरांनी यांचा हातच धरला. "ये क्या है?"

"ये तो दर्द की है, साहब. दवाई थोड़ी है!"

मिलच्या चाळीत या दुखण्याच्या गोळीला कोणी औषध म्हणतच नसे. मागावर दिवसभर उभं राहणारी माणसं ती चहाबरोबर घ्यायची, बिडी ओढावी तशी. माझे गुडघे गेले तशी मीही घेऊ लागले. उठल्याबरोबर ती, मग ॲस्पिरिन, दोन्ही यांच्याच हातून.

डॉक्टरांनी पुडी उघडून पाहिली, ती निघाली आयब्युप्रोफेन. डॉक्टरांनी खाटेवर बसून समजावलं. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. ते एकमेकांना चिकटले की गुठळी. ॲस्पिरिन त्यांच्यावर जिथे बसते, तिथे ही आधीच जाऊन बसते. आमच्याकडच्या सांवेर गावाच्या भरलेल्या बसमध्ये कोणी सीट धरायला रुमाल टाकावा, तसं. ॲस्पिरिनला जागा मिळत नाही, ही मात्र थोड्या तासांत उठून जाते; तोवर ॲस्पिरिनही रक्तातून निघून गेलेली असते आणि कण पुन्हा चिकटायला मोकळे. अटॅक या गोळीमुळेच आला असं पक्कं सांगता येत नाही, हेही ते म्हणाले.

गुडघ्यांसाठी दुसरी गोळी लिहून दिली. मी घरी आले, पण हे गोळ्यांच्या डब्याला हात लावेनात.

"मीच तुला मारत होतो."

"मारायचं असतं तर चाळीस वर्षं थांबला असता का? मिल गेली, आता हीपण ड्युटी सोडता?"

हे हसले नाहीत. उठून बाहेर गेले.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर एवढंच करा. घरातली प्रत्येक पुडी पिशवीत भरा आणि डॉक्टरांसमोर ओता. बाम, चूर्ण, शेजारणीने दिलेली गोळी, सगळं. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. मला खोटारडी न ठरवता ज्यांनी पुडी उघडून पाहिली, त्या डॉक्टरांमुळे मी आज हे सांगते आहे.

मी घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सातला चहा आला. यांनी चष्मा लावून गोळीच्या पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं, मग गोळी माझ्या हातावर ठेवली.